स्वस्त मोटर घ्यावी की महाग एफिशियंट मोटर, हे इकॉनॉमिक अ‍ॅनालिसिसने कसं ठरवायचं?

आधी एक विचारा, मोटर वर्षाला किती तास चालणार? सगळं त्यावरच फिरतं.

७.५ किलोवॅटची म्हणजे १० एचपीची चार पोलची मोटर घ्या. आयई२ आणि आयई३ हे मोटरच्या एफिशियन्सीचे दर्जे, आयई२ म्हणजे इथे स्वस्त मोटर आणि आयई३ म्हणजे महाग. आयई२ची एफिशियन्सी ८८.७ टक्के, आयई३ची ९०.४. फरक किरकोळ वाटतो ना, पण फुल लोडवर आयई३ साधारण १६० वॅट कमी ओढते, आणि कारखान्यात वर्षाला ६००० तास चालली तर झाली ना ९६० युनिटची बचत, ८ रुपये युनिट धरलं तर साडेसात हजाराच्या वर! आता समजा आयई३ ८ हजारांनी महाग आहे, तर जेमतेम वर्षभरात पैसे वसूल.

पण तीच मोटर सोसायटीच्या पंपावर वर्षाला ५०० तासच चालत असेल तर बचत ६४० रुपये. इथे बरेच जण ६४० गुणिले १० वर्षं करून मोकळे होतात, तसं करू नका, दहा वर्षांनी मिळणारा रुपया म्हणजे आजचा रुपया नाही. १० टक्के व्याजदराने १० वर्षांचा फॅक्टर, म्हणजे वर्षाच्या बचतीला ज्याने गुणलं की तिची आजची किंमत मिळते तो आकडा, ६.१४५ येतो, म्हणजे आजच्या हिशोबाने बचत चार हजारांच्याही आत. मग ८ हजार जास्त कशाला घालवायचे?

आणि जुनी मोटर काढून नवी घेत असाल तर जुनीच्या रिवाइंडिंगवर आधी घातलेले पैसे या हिशोबात अजिबात धरू नका, ते गेले. माझे कितीतरी मित्र तिथेच अडकतात, खरंच वाईट वाटतं. जुन्या मोटरचे भंगारात आज काय मिळेल तेवढंच धरा.