मटणाच्या हाडांपासून बोन स्कॅफोल्ड बनवता येतो का?

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी विचारलंय, की कोल्हापुरात मटणाची हाडं हवी तेवढी मिळतात, मग त्यांतून स्कॅफोल्ड, म्हणजे हाडाच्या पोकळीत बसवायचा, पेशींना वाढायला आधार देणारा सच्छिद्र सांगाडा, होईल का. होईल. फक्त पांढऱ्या रश्श्यातली हाडं नकोत, त्यांना मीठ, मसाला, तेल सगळं लागलेलं असतं. खाटकाकडून कच्च्या नळ्या आणा.

आधी हाडांची भुकटी करायची, मग ती कायटोसॅनमध्ये (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा पॉलिमर) मिसळून साच्यात गोठवायची. भुकटी करणं सोपं आहे. नळ्या फोडून आतली मज्जा काढा, दोन-तीनदा पाणी बदलून उकळा, मांस खरवडा, रात्रभर ॲसिटोनमध्ये ठेवून १०० अंशांवर वाळवा. चरबी राहिली तर भट्टीत धूर होतो आणि हाड आतून काळं राहतं. मफल फर्नेसमध्ये (प्रयोगशाळेतली बंद विजेची भट्टी) मिनिटाला ५ अंश चढवत ९०० अंश सेल्सिअसला ३ तास ठेवा, मग आतच निवू द्या. वजन साधारण एक तृतीयांशाने घटतं. पांढरंशुभ्र निघालं तर ठीक. राखाडी असेल तर कार्बन उरलाय, परत भाजा. खलून ४५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढा आणि शिवाजी विद्यापीठात एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायची चाचणी) करून घ्या. हायड्रॉक्सीॲपेटाइटची, म्हणजे हाडातल्या कॅल्शियम फॉस्फेट खनिजाची, ठळक शिखरं ३१.८, ३२.२ आणि ३२.९ अंशांना येतात. ३७.४ च्या आसपास काही दिसलं तर तो कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे कळीचा चुना. पाण्यात त्याने पीएच चढतो आणि पेशी मरतात, म्हणून भुकटी धुऊन घ्या.

खरी गोची कायटोसॅनपाशी होते. डीॲसिटिलेशन (कायटिनमधले ॲसिटिल गट काढल्याचं प्रमाण) ८५ टक्क्यांच्या आसपास असलेलं २ ग्रॅम कायटोसॅन १०० मिलि १ टक्का ॲसेटिक ॲसिडमध्ये रात्रभर ढवळा, कापडातून गाळा. मग २ ग्रॅम भुकटी. ती आधी घालू नका: हायड्रॉक्सीॲपेटाइट आम्लात हळूहळू विरघळतं, आणि प्रबंधात लिहिलेलं ५०:५० प्रमाण कागदावरच राहतं. गुठळ्या अल्ट्रासोनिक बाथमध्ये मोडा, लगेच साच्यात ओता आणि उणे २० अंशांवर गोठवा. सावकाश गोठलं की बर्फाचे स्फटिक मोठे, म्हणून छिद्रंही मोठी; उणे ८० ला ती बारीक होतात. पेशी आत शिरायला निदान १०० मायक्रॉन हवेत, रक्तवाहिन्यांसाठी ३०० च्या पुढे बरं. मग लायोफिलायझरमध्ये (गोठवलेल्या नमुन्यातला बर्फ निर्वातात थेट वाफ करून वाळवणारं यंत्र) ४८ तास. वरचा भाग खचला तर नमुना मध्येच वितळला असं समजा.

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात. वाळलेल्या स्कॅफोल्डमध्ये कायटोसॅन ॲसिटेटच्या रूपात असतं आणि ते पाण्यात विरघळतं. बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) टाकला की लगदा! म्हणून ८० टक्के इथेनॉलमध्ये केलेल्या १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवा (नुसत्या पाण्यात केलेल्या द्रावणात स्कॅफोल्ड आकसतो), पीएच ७ येईपर्यंत धुवा, पुन्हा लायोफिलाइज करा.

ताकदीचे दावे नकोत. जाळीदार हाडाची दाबसहनशक्ती साधारण २ ते १२ मेगापास्कल असते, हा त्याच्या जवळपासही जात नाही. भार न येणाऱ्या पोकळीपुरताच तो आहे. एमटीटी चाचणीत (जिवंत पेशी रंगावरून मोजण्याची चाचणी) जिवंत पेशी ७० टक्क्यांखाली गेल्या तर आयएसओ १०९९३-५ या पेशी-विषारीपणाच्या मानकानुसार पदार्थ विषारी ठरतो, तेव्हा आधी धुणं नीट झालं का ते तपासा. निर्जंतुकीकरणासाठी ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेचं यंत्र) टाळा, कायटोसॅन पिवळं पडतं. पेशींच्या चाचणीपुरतं ७० टक्के इथेनॉल पुरतं.