वाचक विचारतात : सेवेचा शब्द देण्याआधी

उपासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, आलेली बरीचशी पत्रं यंदा एकाच प्रश्नाभोवती फिरतात. प्रभूसाठी, लोकांसाठी काही मोठं करायचं मनात आहे, पण सुरुवात कुठून करायची? त्यांतली चार इथे घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत.

सप्रेम सलाम. माझं वय २६, चिंचोळी एमआयडीसीत नोकरी. संजीवन सभेत (विश्वास जागवणाऱ्या प्रार्थनासभेत) मी उभा राहून नोकरी सोडून पूर्णवेळ धर्मसेवेचा निर्णय जाहीर केला. आई-वडील नको म्हणतात. वडिलांच्या ऑपरेशनचं कर्ज माझ्या नावावर आहे. देवाचं ऐकू की घरच्यांचं? (एक तरुण, बाळे)

देव एका बाजूला आणि आई-वडील दुसऱ्या बाजूला, ही विभागणी तुम्ही केलेली आहे, शास्त्राने नाही. मार्क ७ काढून वाचा. आई-बापांना जे द्यायचं ते 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिलेलं आहे, असं म्हणून हात झटकणाऱ्यांना येशू चांगलाच फैलावर घेतो. तेव्हा कर्ज आधी. हप्ते किती उरले, शेवटचा कोणत्या महिन्यात, हे कागदावर लिहून वडिलांना दाखवा. निम्मा विरोध तिथेच मावळण्याची शक्यता आहे, कारण त्यांची भीती बहुधा सेवेची नसून हप्त्यांची आहे.

लूक १४ मध्ये मनोरा बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. हा दाखला येतो तो स्वतःचा वधस्तंभ उचला या सांगण्याच्या लगेच पाठोपाठ. म्हणजे हिशेब करणं हे विश्वासाच्या कमतरतेचं लक्षण नाही.

दरम्यान नोकरी सांभाळून वर्षभर एकच काम धरा, आणि ते न मिरवता येणारं असू द्या: शब्बाथ शाळेचा, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल-शिक्षणाचा, एक वर्ग, किंवा अंथरुणाला खिळलेल्या दोन वृद्धांकडे दर शनिवारी जाणं. किती शनिवार चुकले ते पाळकांना खरं सांगा. सभेतला जोश पावसाळ्यातल्या चौथ्या शनिवारी टिकतो का, हे तेव्हाच कळतं. वर्षानंतरही ओढ तशीच असेल तर पाळकांकडे पूर्णवेळ सेवेसाठी शिफारसपत्र मागा.

अशा वेळी कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव पुढे केलं जातं. टिळकांनी मिशनचं पगारी काम सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला तो १९१७ साली. बाप्तिस्मा झाला होता १८९५ मध्ये. मधली बावीस वर्षं लोक सहसा सांगत नाहीत.

आमच्या तरुण संघात बारा जण नियमित येतात. दर नाताळला ब्लँकेट वाटतो. आता वर्षभर चालेल असं काही करायचं आहे. कुणीतरी क्षयरुग्णांना धान्य देण्याचं सुचवलं. जमेल का? (संघाचे सचिव, जुळे सोलापूर)

जमेल, आणि ब्लँकेटपेक्षा बरं. पण बारा जणांनी तीनच रुग्ण घ्या. एका रुग्णामागे चौघे: दोघं भेटीला, एक धान्य गोळा करायला, एक बदली. उत्साहाच्या भरात दहा रुग्ण घेतलेत तर परीक्षा आल्या की तिसऱ्या महिन्यात पिशव्या पोचत नाहीत, आणि ज्याच्या घरी पिशवी थांबली तो तुमच्या आधीच्या दोन पिशव्याही विसरतो.

केंद्र सरकारची निक्षय मित्र योजना २०२२ पासून आहे. त्यात संस्था, चर्चची मंडळी किंवा एकटी व्यक्तीही नोंदणी करू शकते. किमान सहा महिन्यांचा शब्द द्यावा लागतो. शहरात महापालिकेच्या क्षयरोग विभागात, ग्रामीण भागात जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांकडे जा. रुग्णांची नावं तिथूनच मिळतात, तीही रुग्णाने संमती दिल्यावर. परस्पर वस्तीत विचारत फिरू नका. शेजाऱ्यांना आजार कळला म्हणून मुलीचं लग्न मोडल्याचे प्रकार घडतात.

प्रौढ रुग्णाच्या महिन्याच्या पिशवीत ३ किलो धान्य, दीड किलो डाळी, पाव किलो तेल, आणि १ किलो दूधपावडर किंवा ६ लिटर दूध किंवा १ किलो शेंगदाणे असं प्रमाण सुचवलेलं आहे. सोलापुरात शेंगदाणे सोयीचे. नासत नाहीत, आणि चटणी झाली की घरातले सगळे भाकरीशी खातात. इथेच मेख आहे. पिशवी एकाची आणि खाणारी तोंडं पाच. रुग्णाच्या वाट्याचं वेगळं काढायला सांगून कोणतीही आई ते पाळणार नाही, म्हणून जमल्यास धान्य आणि डाळ थोडी जास्तच द्या.

धान्यासाठी मिझोरममधल्या मंडळ्यांची रीत घेण्यासारखी आहे. तिथे प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी बाई मूठभर तांदूळ प्रभूसाठी बाजूला काढते आणि ते मंडळीत जमा होतात. मूठ साधारण ५० ग्रॅमची धरली तर दोन वेळच्या मुठींचे महिन्याला ३ किलो होतात. म्हणजे एका घराची मूठ, एका रुग्णाचं धान्य. मात्र सगळ्यांनी एकच धान्य ठरवा, ज्वारी तर ज्वारी. भेसळ झालेलं धान्य दळायलाही उपयोगी नाही आणि शिजवायलाही. पीठ घेऊच नका. डबा उन्हात वाळवून मग भरा, नाहीतर पावसाळ्यात सोंडे होतात. तिन्ही पिशव्यांच्या डाळ, तेल आणि शेंगदाण्यांचा महिन्याचा खर्च दुकानदाराकडून लिहून घ्या, सहा महिन्यांसाठी सहाने गुणा, वर दहा टक्के धरा. एवढी रक्कम हातात असल्याशिवाय नोंदणी करू नका.

आता भेटीबद्दल. साध्या क्षयाचे उपचार सहा महिन्यांचे: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. धोका दोन महिन्यांनंतर असतो. खोकला थांबलेला असतो, वजन वाढलेलं असतं, लूमवरची पाळी पुन्हा सुरू झालेली असते, आणि माणूस म्हणतो, आता कशाला गोळ्या? अर्धवट सोडलेल्या उपचारातून औषधांना न जुमानणारा क्षय होऊ शकतो. म्हणून तिसऱ्या आणि चौथ्या महिन्यात भेटी दुप्पट करा. लघवी नारिंगी होते ती रिफाम्पिसिनमुळे, त्याने घाबरून जायचं नाही. डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या थांबत नसल्या तर मात्र त्याच दिवशी दवाखान्यात. औषधाचा सल्ला तुम्ही देऊ नका, सोबत जा. बसायचं ते दारात किंवा अंगणात, हवा खेळती असेल तिथे.

सरकारकडून पोषणासाठी दरमहा १००० रुपये या हिशेबाने रक्कम रुग्णाच्या खात्यात येते (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५००). ती अडली तर खाते आणि आधार जोडणी तपासून द्या. विडी वळणाऱ्या बाईला त्यासाठी मजुरीचा दिवस मोडून बँकेत बसावं लागतं, ते काम तुमच्यातल्या कॉलेजवाल्याने करावं. सोलापूरच्या पूर्व भागात बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, तेव्हा भेटीच्या जोडीत एक तरी तेलुगू येणारा हवा.

पिशवीत धर्मप्रचाराची पत्रिका टाकू नका. ज्याला धान्याची गरज आहे तो नाही म्हणू शकत नाही, आणि अशा माणसासमोर ठेवलेली पत्रिका ही सुवार्ता राहत नाही. त्याने प्रार्थना मागितली तर जरूर करा.

महिला मंडळाचं सगळं गेली नऊ वर्षं माझ्यावर आहे. सभा, आजाऱ्यांच्या भेटी, वर्गणी. सोडलं तर बंद पडेल, धरून ठेवलं तर मी पडेन. (एक नर्स, विजापूर रोड)

निर्गम १८ मध्ये इथ्रो जावयाला, म्हणजे मोशेला, स्पष्ट सांगतो की तू करतोस ते बरं नाही, तू थकशील आणि लोकही थकतील. मोशेने दहा-दहा जणांवरसुद्धा माणूस नेमला. ताई, तुमची कामं एका वहीत लिहून काढा, कोणतं काम कोणत्या वारी आणि कुणाचा फोन लागतो तेही. आजाऱ्यांच्या भेटी आधी द्या, वर्गणी शेवटी. नव्या बाईसोबत दोन वेळा जा, तिसऱ्यांदा जाऊ नका. ती तुमच्यापेक्षा कमी नीट करेल. करू द्या.

सोलापूर-पुणे रेल्वेमार्गावर केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंनी तिथल्या मुक्ती मिशनची, म्हणजे निराधार बायका-मुलांसाठीच्या आश्रमाची, पुढची जबाबदारी मुलगी मनोरमा हिच्यावर सोपवायचं ठरवलं होतं. मनोरमा १९२१ मध्ये गेली, रमाबाई १९२२ मध्ये. काम थांबलं नाही, कारण ते करणाऱ्या बायका आधीच तिथे तयार झालेल्या होत्या.

मंडळीचा मदतनिधी आमच्या खजिनदारांच्या खासगी खात्यात असतो. माणूस सचोटीचा आहे. विचारणं बरं दिसेल का? (पंच कमिटीचे सदस्य)

विचारा. २ करिंथ ८ मध्ये पौल यरुशलेमची मदत नेताना मुद्दाम सोबत इतरांना घेतो, कुणी दोष लावू नये म्हणून. मंडळीच्या नावाचं खातं, दोन सह्या, आणि उपासनेनंतर अर्पण दोघांनी मोजून तिथेच वहीत सही. खजिनदारांना सांगताना नियम सगळ्यांना लागू म्हणून सांगा, आणि पहिल्या रविवारी मोजायला तुम्ही स्वतः बसा.