ट्रॅव्हलर कॅम्परला कारचा छोटा कॉम्प्रेसर पुरेल का? (सविस्तर उत्तर)

ऐरोलीकर, आधी गाडीबद्दल अभिनंदन! तुमचा प्रश्न असा, की ट्रॅव्हलरवर बांधलेली सेकंडहँड कॅम्पर व्हॅन घेतली आहे, मागे जोडीचे टायर आहेत, घरात कारसाठी घेतलेला छोटा कॉम्प्रेसर आहे आणि त्याच्या खोक्यावर 150 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) छापलंय. डिसेंबरात कोकण आणि पुढच्या वर्षी लडाख करायचंय, तर हाच नेऊ की दुसरा घेऊ?

दुसरा घ्या. खोक्यावरच्या त्या 150 वर जाऊ नका, मी गेलो होतो.

पहिल्याच वर्षी ठाण्याहून नाशिकला निघालो. कसारा घाट चढून वर आलो आणि गाडी मागून जरा बसल्यासारखी वाटली. मागच्या डाव्या जोडीतला आतला टायर उतरला होता. माझ्याकडे असाच 'दीडशे'वाला डबा होता. लायटर सॉकेटला लावला, टायर 42 पर्यंत गेला आणि काटा तिथेच अडकला. मशीन बोंबलतंय, पाच मिनिटं, दहा मिनिटं, मग प्लास्टिक तापल्याचा वास. शेवटी पाइप जिथे मशीनला जोडलेला असतो तो सांधा मऊ पडून फटकन निसटला. मागे थांबलेल्या एका ट्रकवाल्याने हा तमाशा बघितला, हसला, आपल्या एअर ब्रेकच्या टाकीवरून पाइप ओढला आणि पाचेक मिनिटांत टायर भरून दिला. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

आता हिशेब. 15 इंची एलटी (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या मालगाडीच्या) टायरच्या पोटात साधारण 45-50 लिटर जागा असते. तो 45 वरून 60 ला न्यायचा, म्हणजे 15 पीएसआय वाढवायचे, तर बाहेरची जवळजवळ 50 लिटर हवा आत कोंबावी लागते. सहा टायरांचे झाले 300 लिटर. छोट्या डब्यावर 'मिनिटाला 35 लिटर' लिहिलेलं असतं, पण ते समोर काहीच दाब नसतानाचं. टायरमध्ये 50-60 दाब असताना तेच मशीन निम्म्यावर येतं, कधी त्याच्याही खाली. म्हणजे नुसतं चालायलाच 20-25 मिनिटं, आणि बहुतेक छोट्या मशीनांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की दहा मिनिटं चालवा आणि थंड होऊ द्या. गेला की तास! कारला 28 चे 33 करायचे असतात, तिथे हीच मशीनं झकास चालतात. तुमचा डबा बायकोच्या कारसाठी ठेवा.

म्हणून दुकानात गेल्यावर दोनच गोष्टी विचारा: तुमच्या दाबाला मिनिटाला किती हवा देतो, आणि सलग किती वेळ चालतो. दुसऱ्याला ड्यूटी सायकल म्हणतात. अमेरिकेतल्या मोठ्या मोटरहोमवाल्यांसाठी बनवलेला व्हायएअर कंपनीचा 400पी-आरव्ही बघा. त्याची ड्यूटी सायकल 100 पीएसआयला 33 टक्के, म्हणजे जितका वेळ चालवाल त्याच्या दुप्पट विश्रांती. त्यांचाच 450पी-आरव्ही 100 पीएसआयला शंभर टक्के, म्हणजे थांबवायची गरज नाही. तिकडच्या मोठ्या गाड्यांच्या साडेबावीस इंची टायरना 100 च्या वर दाब लागतो, म्हणून ही मशीनं तशी. तुम्हाला एवढं नको. पण विकणारा तुमच्या दाबाला ड्यूटी सायकल सांगू शकत नसेल आणि सारखा '150 सर, 150' करत असेल, तर पुढच्या दुकानात चला.

देशी बाजारात दोन सिलिंडरवाले, थेट बॅटरीला क्लिपा लावून चालणारे बरेच मिळतात. त्यातला धातूच्या अंगाचा, वजनदार घ्या. माझा साडेचार किलोचा आहे आणि घरात सगळे त्याला 'बैल' म्हणतात.

थेट बॅटरीला का, तेही सांगतो. लायटर सॉकेटचा फ्यूज सहसा 10 ते 15 अँपियरचा. 12 व्होल्टवर 15 अँपियर म्हणजे 180 वॉट. वर सांगितलेला 400पी 30 अँपियर घेतो, तो सॉकेटला लावला तर फ्यूज गेलाच. मोठा फ्यूज टाकून भागवू नका, मागची वायर तीच राहते आणि ती तापते. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर क्लिपा लावा. घरातल्या दिव्यांसाठी लिथियम बॅटरी बसवलेली असेल तर तिच्यावरही चालतो, फक्त तिचा बीएमएस (बॅटरीला सांभाळणारं आतलं सर्किट) किती करंट देऊ शकतो ते आधी बघा. आणि कोणी बसच्या किंवा ट्रकच्या चासीवर कॅरव्हॅन बांधली असेल तर ती बहुधा 24 व्होल्टची असते. तिथे 12 व्होल्टचं मशीन लावलं की धूर. 24 साठी 12-12 च्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतात, त्यातल्या एकीवरूनच घ्यायची युक्तीही करू नका, जोडी बिघडते.

पाइपाची लांबी लोक विसरतात. 'ट्रॅव्हलर 3350' या मॉडेलच्या नावातला 3350 हा मिलिमीटरमधला व्हीलबेस आहे, म्हणजे पुढच्या चाकापासून मागचं चाक सव्वातीन मीटरच्या पुढे. बॅटरीपासून धरा, गाडीला वळसा घालून पलीकडचं मागचं चाक धरा, आठ-दहा मीटरशिवाय भागत नाही. स्प्रिंगसारखा गुंडाळलेला पाइप 'दहा मीटर' म्हणून विकतात, तो ताणून सात भरला तरी नशीब. वायर लांबवण्यापेक्षा हवेचा पाइप लांबवा. लांब, बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि मशीनला आणखी धाप लागते.

मागच्या जोडीतल्या आतल्या टायरचा व्हॉल्व्ह हे वेगळंच दुखणं. रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या पोडियमवर मी चटई टाकून आडवा होतो, बाहेरच्या रिमच्या भोकातून मनगट आत घालतो आणि बोटांनी चाचपत नोझल बसवतो. आट्यांचं, फिरवून बसवायचं नोझल असेल तर काढताना फुस्स करून दोन पीएसआय जातात आणि हात काळा होतो ते वेगळं. खटका दाबून बसणारं लांब मानेचं नोझल घ्या, ट्रकवाल्यांचं असतं तसं. भिवंडी किंवा कळंबोलीच्या टायरच्या दुकानांत मिळतं. पितळी सांधा मशीन चालल्यावर चांगलाच पोळतो, उघड्या हाताने धरू नका. (आमचे सेक्रेटरी आठच्या आधी 'बैल' सुरू करू देत नाहीत, म्हणून रविवार. तुमच्याकडे कोण आहे बघा.)

व्हॉल्व्हचं बोलतोय तर, सेकंडहँड गाडीत कोणी कारचे साधे रबरी व्हॉल्व्ह बसवले असतील तर बदला. नेहमीचा रबरी टीआर 413 हा 65 पीएसआयपर्यंतच आहे. तुमचा दाब त्याच्या आसपास किंवा वर जात असेल तर धातूचे, नटाने आवळायचे व्हॉल्व्ह टाका. आतल्या टायरला बाहेर आणलेली लवचीक नळी असेल तर ती रिमला बांधलेली हवी. लोंबकळत राहिली तर मुळाशी गळते. कसाऱ्याला माझं तेच झालं होतं.

दाब किती ठेवायचा? टायरवर छापलेला आकडा कमाल असतो, तो भरायचा आकडा नव्हे. दरवाजाजवळचं स्टिकर मूळ गाडीचं. तुमच्या गाडीत नंतर पलंग, पाण्याची टाकी, फ्रिज, बॅटऱ्या आल्या. म्हणून पाणी भरून, सामान टाकून, माणसं बसवून एकदा वजनकाट्यावर न्या. तुर्भ्याला ट्रक टर्मिनलच्या बाजूला सापडेल. पुढचा आणि मागचा एक्सल वेगळा तोला आणि टायर कंपनीच्या लोड तक्त्यात त्या वजनाला किती दाब सांगितलाय ते बघा. माझ्या गाडीला मागे 60 निघाला, मूळ स्टिकरपेक्षा जास्त. कमी हवेत टायरची बाजू सतत दुमडत राहते आणि आतून तापते. समृद्धीच्या सिमेंटवर उन्हाळ्यात तासन्‌तास एका वेगाने गेलात तर त्या तापाला उतारच मिळत नाही.

दाब थंड टायरचा मोजायचा, गाडी तीनेक तास उभी असताना. 60 च्या आसपास भरलेल्या टायरमध्ये तापमान 10 अंशांनी बदललं की दाब साधारण अडीच पीएसआयने बदलतो. म्हणजे दुपारी घोडबंदर रोडवर भरलेली हवा महाबळेश्वरच्या पहाटे कमी दिसणारच. उलट, चालून तापलेल्या टायरची वाढलेली हवा सोडू नका. मशीनवरचा काटाही चालू असताना जास्त दाखवतो, बंद करून वाचा. मी वेगळा गेज ठेवतो, 100 पर्यंतचा. कारचा 60 पर्यंतचा तुमच्या कामाचा नाही.

लडाखचं एक. लेह साडेतीन हजार मीटरवर. तिथे बाहेरचाच दाब ठाण्यापेक्षा पाच पीएसआयने कमी असतो, त्यामुळे गेज तेवढं वर सरकतं. थंडीमुळे त्यातलं बरंचसं परत खाली येतं. घाबरून हवा सोडू नका. मात्र विरळ हवेत कॉम्प्रेसरला खेचायलाच कमी मिळतं, इथे तीन मिनिटांचं काम तिथे साडेचार-पाचावर जातं. इथेच रडणारं मशीन तिथे काय करेल ते ओळखा.

पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, पण मला भेटलेली बरीच डिजिटल मशीनं कारच्या हिशेबाने लावलेली होती, 50 च्या पुढे जाईनात. हायवेवरचा ट्रकचा टायरवाला बरा.

नवीन मशीन आणल्यावर कोकणापर्यंत थांबू नका. त्याच आठवड्यात पार्किंगमध्ये मागचा एक टायर 45 वर आणा आणि घड्याळ लावून 60 ला भरा. चार मिनिटांच्या वर गेला, वास आला किंवा क्लिपांच्या वायरी हाताला गरम लागल्या, तर खोकं फेकलं नसेल तोवर परत द्या. परतीची मुदत सहसा सात-दहा दिवसांचीच असते.