नाशपाती झाडावर पिवळी होईपर्यंत ठेवते, तरी कापल्यावर आतून तपकिरी आणि पिठूळ निघते. असं का? शिवाय फुलं भरपूर येऊनही फळं मोजकीच लागतात.

पिवळी होईपर्यंत थांबता, तिथंच बिघडतंय. युरोपीय नाशपाती गाभ्याकडून बाहेर पिकत येते. सालीला रंग चढेपर्यंत आतला गर उतरलेला असतो. (आशियाई, सफरचंदासारख्या गोल जाती मात्र झाडावरच पिकू द्यायच्या.)

फळ पूर्ण वाढलेलं पण कडक असतानाच काढा. गडद हिरवा रंग किंचित फिका झाला की फळ तळहातावर घेऊन आडवं होईल इतकं वर उचला. देठ फांदीपासून अलगद सुटला तर तयार. ओढावं लागलं तर चार-पाच दिवसांनी परत बघा. सगळी फळं एकदम तयार होत नाहीत, दोन-तीन खेपा कराव्याच लागतात.

काढलेली फळं आधी फ्रिजमध्ये ठेवा. विल्यम्स जातीला आठवडा-दोन आठवडे पुरतात, कोमिस जातीला महिनाभर लागतो. या थंडीशिवाय उशिराच्या जाती नीट पिकत नाहीत, नुसत्या सुरकुततात. मग 18 ते 20 अंशांना बाहेर ठेवा आणि रोज देठाजवळ अंगठ्यानं हलकं दाबून बघा. तिथं जरा दबलं की खायचं. पोटाशी मऊ लागेपर्यंत वेळ गेलेली असते.

आता फळधारणा. झाड एकटंच असेल तर कारण बहुधा तेच. त्याच सुमारास फुलणारी दुसरी जात जवळ हवी; विल्यम्स आणि कॉन्फरन्स ही जोडी चालते. नाशपातीच्या मधुरसात साखर कमी, त्यामुळे मधमाश्या शेजारच्या दुसऱ्या फुलांकडे वळतात. म्हणून जोडीदार पंधरा मीटरच्या आतच बरा. जागा नसेल तर त्याच झाडाच्या एका फांदीवर दुसऱ्या जातीचं कलम करा. कॉन्फरन्सला एकटीलाही थोडी फळं लागतात, पण पुष्कळदा काकडीसारखी लांबट आणि बिनबियांची. फुलं उमललेली असताना पारा उणे 2 च्या खाली गेला तर फुलाचा मधला भाग काळा पडतो. तसं दिसलं तर त्या फुलाचं फळ होत नाही.

छाटणी बेताची ठेवा. फळं दोन वर्षं किंवा त्याहून जुन्या लाकडावरच्या आखूड फळकाड्यांवर येतात. जोरात छाटलं की नुसते उभे सोट फुटतात. जास्त नत्रानंही तेच होतं. आणि क्विन्सच्या (नाशपातीच्या नात्यातलं एक झाड) खुंटावरचं, म्हणजे त्याच्या मुळांवर बांधलेलं, कलम असेल तर जोड मातीच्या वर 10 सेंटिमीटर मोकळा आहे ना, ते बघा. गाडला गेला असेल तर वरच्या भागाला स्वतःची मुळं फुटतात, झाड माजतं आणि फळं लागायला उशीर होतो.