बहिणीला झाला, मग मलाही होणार का?

माझ्यासमोर बसलेल्या माणसांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. शब्द तेवढे बदलतात. कोणी म्हणते, ‘आमच्या रक्तातच कॅन्सर आहे का?’ कोणी म्हणते, ‘आईला होता, म्हणजे आता माझी पाळी ना?’ कर्करोगाच्या रुग्णांचे आणि त्यांच्या नातेवाइकांचे जनुकीय समुपदेशन हे माझे बेळगावातले रोजचे काम आहे. या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर देणे म्हणजे समोरच्याची फसवणूक होय, असे माझे मत आहे. पुढे सांगते आहे त्या कुटुंबाने ही हकीकत लिहिण्यास परवानगी दिली आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

खानापूर तालुक्यातले हे कुटुंब. वडील मराठी शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. गावात त्यांना सगळे गुरुजी म्हणतात आणि मीही तेच म्हणत असे. थोरल्या मुलीला, घरात जिला आक्का म्हणतात तिला, छत्तिसाव्या वर्षी स्तनाचा कॅन्सर निघाला होता आणि तिची किमो चालू होती. पहिल्या भेटीला आक्का आली नव्हती. आली होती ती तिची एकतीस वर्षांची धाकटी बहीण, सोबत आई आणि गुरुजी. धाकटी खुर्चीवर नीट टेकलीही नव्हती, तोच तिने विचारले, “आक्काला झाला, म्हणजे मलाही होणारच की. माझी पोरगी चार वर्षांची आहे. तिचं काय?”

आईने तोवर सौंदत्तीच्या रेणुकेला नवस बोलून झाला होता. हा बायकांचा आजार, तेव्हा तो आईकडूनच आला असणार, असे नात्यातल्या कोणीतरी तिला सुनावले होते आणि गेले आठ महिने ती ते निमूट सोसत होती. शिवाय पुण्यात नोकरीला असलेल्या धाकट्या मुलाचे लग्न ठरायचे होते आणि या घरात कॅन्सर आहे हे कळले तर स्थळे मागे फिरतील, ही धास्ती वेगळी. आक्काच्या अहवालात ‘ट्रिपल निगेटिव्ह’ असा शब्द होता. तिन्ही वेळा निगेटिव्ह आले म्हणजे चांगलेच झाले, असे समजून आईने शेजारी पेढेही वाटले होते. त्या शब्दाचा खरा अर्थ त्यांना सांगताना मला जड गेले. त्या गाठीच्या पेशींवर तीन विशिष्ट ग्राहक, म्हणजे बाहेरून आलेले संदेश पकडणारी प्रथिने (रिसेप्टर), नसतात, त्यामुळे त्या ग्राहकांवर चालणारी औषधे तिथे उपयोगी पडत नाहीत, असा त्याचा अर्थ आहे. तरुण वयात अशी गाठ निघाली, तर आनुवंशिक कारणाचा शोध घेणे आवश्यक ठरते.

मी पहिल्यांदा कागद आणि पेन्सिल घेते. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ, आजार झालेल्याची आकृती भरून टाकायची, वारलेल्यावर तिरपी रेघ. तीन पिढ्या काढायला तासभर लागतो. आईकडच्या बाजूला चार मावश्या आणि आजी, सगळ्या धडधाकट किंवा म्हातारपणी गेलेल्या. गुरुजींकडे वळले तेव्हा ते म्हणाले, “आमच्यात कुणालाच नाही.” मी एकेक नाव विचारत गेले. थोरल्या बहिणीपाशी ते थांबले. ती १९९१ साली चव्वेचाळिसाव्या वर्षी गेली होती. कशाने? “पोटात पाणी झालं होतं.”

आमच्या भागातल्या घरांतून हे शब्द मी इतक्यांदा ऐकले आहेत, की ते कानावर पडले की मी पेन्सिल खाली ठेवते. पोटात पाणी होण्याची कारणे अनेक असतात. यकृताचा आजार असतो, क्षय असतो, आणि बाईच्या बाबतीत अंडाशयाचा कॅन्सरही असतो. जुने कागद आहेत का, असे मी विचारले. पुढच्या खेपेला गुरुजींनी रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या वेष्टणातून चार घड्या घातलेले, कडा पिवळ्या पडलेले एक कार्ड काढून माझ्यासमोर ठेवले. ते मिरजेच्या एका दवाखान्याचे होते. निदानाच्या ओळीतली शाई फिकी झाली होती, पण ‘ओव्हरी’ हा शब्द वाचता येत होता. कागदावरचे ते वर्तुळ मी भरले तेव्हा आईने एकदा माझ्याकडे आणि एकदा गुरुजींकडे पाहिले. कोणीच काही बोलले नाही.

इथे थोडे थांबून मूळ गोष्ट सांगायला हवी, कारण सारा घोटाळा तिथेच होतो. कॅन्सर हा जनुकांतल्या बदलांमुळेच होतो, हे खरे आहे; पण म्हणून प्रत्येक कॅन्सर आनुवंशिक असतो, असे मात्र नाही. आपल्या प्रत्येक पेशीत सुमारे वीस हजार जनुके असतात. पेशी दुभंगताना तीनशे कोटी अक्षरांची ती पोथी नव्याने उतरवली जाते आणि उतरवताना चुका होतात. बहुतेक चुका पेशीच दुरुस्त करते, काही राहून जातात, काही तंबाखू, ऊन, किरणोत्सर्ग यांमुळे वाढतात. वाढीवर लगाम ठेवणाऱ्या जनुकांमध्ये अशा अनेक चुका एकाच पेशीत साचल्या, की ती पेशी मोकाट सुटते. हे सगळे जन्मानंतर आणि त्या एका अवयवात घडते. बीजात नसल्यामुळे ते मुलांकडे जात नाही.

निपाणीच्या एका कुटुंबाची आठवण इथे सांगितलीच पाहिजे. तंबाखूच्या वखारीत आयुष्य काढलेल्या वडिलांना गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर झाला होता. चाळीस वर्षे ते तंबाखू मळून गालात धरत होते आणि घरातल्या बायका मिश्री लावत होत्या. त्यांच्या मुलानेही मला हाच प्रश्न विचारला. तंबाखूतली रसायने गालाच्या पेशींतल्या जनुकांवर घाव घालतात. ‘टीपी-५३’ नावाचे, पेशीची राखण करणारे जनुक अशा गाठींत वारंवार बिघडलेले आढळते. परंतु तो बिघाड वडिलांच्या गालात झाला होता, मुलाला मिळालेल्या वारशात नव्हता. शेतकऱ्याच्या घरात मी हे असे सांगते, की उभ्या पिकावर पडलेली कीड वेगळी आणि बियाण्यातच असलेला दोष वेगळा. त्या मुलाला जनुकीय चाचणीची गरज नव्हती. गरज होती ती खिशातली पुडी टाकून देण्याची आणि आईची मिश्री सोडवण्याची, आणि ते मी त्याला स्पष्ट सांगितले. सगळे कॅन्सर धरले, तर जन्मतः मिळालेल्या बदलामुळे होणारे १०० पैकी साधारण ५ ते १० असतात. गुरुजींचे घर त्यांपैकी आहे का, हे पाहायचे होते.

धाकटीने लगेच बाही वर केली. “माझं रक्त घ्या, आज काय ते कळू दे.” मी तिला थांबवले. चाचणी पहिल्यांदा आजारी व्यक्तीची करायची असते. घरात नेमका कोणता बदल आहे हे ठाऊक नसताना निरोगी बहिणीची चाचणी केली आणि काही सापडले नाही, तर त्यातून खात्रीने काहीच सांगता येत नाही. ती सुटली, की तो बदल आपण शोधलेल्या जागी नव्हताच, हे कळायला मार्ग नसतो. जाहिरात पाहून परस्पर तपासणी करून आलेली आणि ‘निगेटिव्ह’चा कागद दाखवून निर्धास्त झालेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांची मला खरोखर काळजी वाटते.

आक्काचे रक्त घेतले. काही आठवड्यांनी अहवाल आला. बीआरसीए-१ या जनुकात रोगकारक बदल सापडला होता. हे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असते. तुटलेला डीएनएचा धागा बिनचूक सांधणारे प्रथिन त्याच्यापासून बनते. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एक प्रत जन्मापासून बिघडलेली असली तरी दुसरी काम निभावून नेते. वर्षानुवर्षांत एखाद्या पेशीतली ती दुसरी प्रतही निकामी झाली, की त्या पेशीतली दुरुस्ती थांबते आणि चुका साचू लागतात. म्हणून मी म्हणते की वारशाने कॅन्सर येत नाही, एक आधार कमी असलेले शरीर येते. दोन घावांची ही कल्पना आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली मुलांच्या डोळ्यांतल्या कॅन्सरवरून मांडली होती.

गुरुजींनी स्वतःची चाचणी आग्रहाने करून घेतली. तोच बदल त्यांच्यातही निघाला. अंडाशय आणि स्तन यांच्याशी निगडित जनुक पुरुषाच्या अंगातही असते आणि तो ते मुलीला देऊ शकतो, ही गोष्ट शिकलेल्या माणसांनाही पटकन पटत नाही. गुरुजी अहवाल हातात धरून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे मीच दिला की पोरीला.” आईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. ज्या ओझ्याखाली ती आठ महिने वाकली होती ते आता नवऱ्याच्या खांद्यावर गेलेले तिने पाहिले, आणि तिला त्यात सुटका वाटली नाही, हे माझ्या लक्षात राहिले आहे.

मी त्यांना सांगितले की देण्याघेण्यात माणसाची निवड नसते. प्रत्येक अपत्याच्या वेळी दोन प्रतींपैकी कोणती जाईल हे नाणे उडवल्यासारखे ठरते, आणि तीन मुले असली म्हणून दीड मुलाला असा हिशेबही तिथे चालत नाही. त्यांना वेगळेच विचारायचे होते. “माझ्या बहिणीच्या वेळी हे कळलं असतं, तर ती वाचली असती का?” मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली सतराव्या गुणसूत्राकडे बोट दाखवले होते, पण प्रत्यक्ष जनुक हाती लागले ते १९९४ मध्ये. त्यांची बहीण १९९१ मध्ये गेली. तेव्हा जगात कुठेच ही चाचणी नव्हती, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी मान हलवली आणि चष्मा पुसला.

आता धाकटीची चाचणी एका नेमक्या जागेपुरतीच करायची होती. तीही पॉझिटिव्ह आली. ज्या उत्तराची तिला भीती होती ते हातात पडले होते, आणि तरीही तिच्या प्रश्नातला ‘होणारच’ हा शब्द चुकीचाच होता. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः पाश्चात्त्य देशांतल्या कुटुंबांवरच्या एका मोठ्या अभ्यासात, असा बदल असलेल्या १०० स्त्रियांपैकी वयाच्या ८० वर्षांपर्यंत सुमारे ७२ जणींना स्तनाचा आणि ४४ जणींना अंडाशयाचा कॅन्सर होतो असे दिसले. हा आकडा मोठा आहे आणि तो मी कधी लपवत नाही. मात्र तो आज उद्याचा नसतो, आयुष्यभराचा असतो, आणि काहीच केले नाही तर असतो. दरवर्षी स्तनांचे एमआरआय आणि मॅमोग्राम केले, तर गाठ लहान असतानाच सापडू शकते. अंडाशयासाठी भरवशाची अशी नियमित तपासणी नाही. म्हणून मुले झाल्यावर, साधारण पस्तीस ते चाळीस या वयात, अंडाशय आणि गर्भनलिका काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो, आणि त्याने अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका पुष्कळच कमी होतो. पाळी लवकर बंद झाल्याचे त्रास त्यासोबत येतात, तेही तिला आधीच समजावून सांगितले. स्तन काढून टाकण्याचा पर्यायही असतो, तो तिने सध्या नको म्हटले. तिचा निर्णय तिचा आहे.

तिच्या मुलीची चाचणी मी केली नाही. या जनुकाची चाचणी अठरा वर्षांपूर्वी करत नाहीत, कारण त्या वयात करण्यासारखा उपाय नसतो आणि मोठी झाल्यावर जाणून घ्यायचे की नाही, हे तिने स्वतः ठरवायचे असते. पुण्याच्या भावाने अजून चाचणी केलेली नाही. त्याच्या आईला लग्नाआधी काही कळायला नको होते. मी तिला एवढेच म्हटले की आपल्या भागात पत्रिकेतला मंगळ उघड सांगतात आणि हे झाकून ठेवतात, तेव्हा निदान होणाऱ्या सुनेला अंधारात ठेवू नका. तिने उत्तर दिले नाही.

शेवटच्या भेटीला गुरुजी एकटेच आले. जुन्या दिनदर्शिकेच्या पानामागे त्यांनी सुवाच्य अक्षरात नावे लिहून आणली होती. चंदगडला दोन चुलत भाऊ, निपाणीला एक, आणि सगळ्यात वर, दोन रेघा ओढून, वारलेल्या बहिणीच्या दोन मुली. या भाच्यांना धोका सर्वांत जास्त होता. शेताच्या वाटणीवरून त्या घराशी पंधरा वर्षे बोलणे बंद होते. “मी गेलो तर दार उघडतील की नाही कोण जाणे. तुम्ही पत्र लिहून द्या,” ते म्हणाले. थोरली भाची गोकाककडच्या कानडी घरात दिलेली, तिच्या नवऱ्याला मराठी वाचता येत नाही, म्हणून पत्र दोन्ही भाषांत हवे होते. मराठी मी लिहिले, कानडी आमच्याकडच्या गोकाकच्याच एका परिचारिकेने.

गुरुजींनी मराठी पत्र वाचले, खिशातून तांबडे पेन काढले आणि ‘जनुकीय दोष’ यातला ‘दोष’ खोडून त्यावर ‘बदल’ लिहिले. “कानडीतही दोषच म्हणतात,” ते म्हणाले. “सासरच्या माणसांनी वाचायचं आहे हे. तिथंही बदला.” परिचारिकेने तिथला शब्दही बदलला.

थोरली भाची पुढच्या महिन्यात नवऱ्यासोबत येऊन रक्त देऊन गेली. धाकटीचे उत्तर अजून आलेले नाही. गुरुजी तिच्याकडे स्वतः जाणार आहेत.