कौल लावला की पाकळी हलवायची नाही

प्रश्न : दादा, आम्ही पाच जण कुडाळला दर रविवारी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ) खेळतो, गेम मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि राक्षस चालवणारा, मी, कारण नियमांचं पुस्तक मी एकट्यानेच वाचलंय. गेल्या रविवारी पहिल्याच लढाईत गॉब्लिनने (छोट्या राक्षसाने) माझ्या चुलत बहिणीच्या विझार्डवर, म्हणजे जादूगारावर, तलवारीचा वार केला, स्क्रीनमागे (फासे झाकायच्या आडोशामागे) बघतो तर वीस बाजूंच्या फाशावर वीस, म्हणजे सगळ्यात जबर वार, आणि डॅमेजच्या, म्हणजे इजेच्या, दोन्ही फाशांवर सहा. तलवारीचे ठरलेले वरचे दोन धरून चौदा झाले, तिचे हिट पॉइंट (जीव किती उरलाय त्याचा आकडा) सात, म्हणजे जागच्या जागी खलास. ती पहिल्यांदाच खेळायला बसलेली, कॅरेक्टरचं नाव ठरवण्यात तिचा तास गेलेला, मी "नऊ" म्हणून मोकळा झालो आणि ती नुसती बेशुद्ध पडली. पण चहा ठेवायला आलेल्या मित्राने फासे बघितले, आता मी काहीही टाकलं की तो विचारतो, "खरा सांग, किती पडले?" माझं चुकलं का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : आधी हिशोब, कारण तुझी बहीण भलतीच 'नशीबवान' आहे. वीस पडायचा चान्स 20 मध्ये 1, दोन्ही सहा पडायचा 36 मध्ये 1, म्हणजे 720 वारांत एकदा. आणि तू नियम बरोबर लावलास, सात गेल्यावर उरलेले सात तिच्या पूर्ण हिट पॉइंटइतके, मग बेशुद्धीचा प्रश्नच नाही, थेट मरण.

चुकलं म्हणशील तर, थोडं. आता मी काय धुतल्या तांदळासारखा नाही. मालवणला एका पावसाळ्यात लाईट गेलेले, मोबाईलच्या टॉर्चवर आमची शेवटची लढाई चाललेली आणि पोरं हरायला आली म्हणून मी राक्षसाचे लागोपाठ तीन वार फुकट घालवले, म्हटलं जिंकले की ओरडतील. कोणी ओरडलं नाही. एकजण आपलं सामान भरता भरता हळूच म्हणाला, "सोडलंस मा?" बस, त्या पोराने पुढे कुठल्याच लढाईत जीव लावला नाही.

2014 च्या डंजन मास्टर्स गाइडमध्येही, म्हणजे गेम मास्टरसाठीच्या पुस्तकातही, स्क्रीनमागे निकाल बदलायची मुभा दिलीय, वर सांगितलंय की फार वेळा करू नका आणि कळू देऊ नका. ते 'कळू देऊ नका'च मला खटकतं. आपल्याकडे देवळात कौल लावतात तो बघितलायस ना, गुरव गाऱ्हाणं घालतो, देवाला पाकळ्या लावतो आणि मग सगळे गप्प बसून बघत राहतात, उजवी पडते की डावी. नको ती पडली म्हणून गुरवाने बोटाने उचलून परत चिकटवली तर पुढच्या वेळी कौल लावायला कोण येईल? दोन्ही उत्तरं चालणार असतील तरच विचारायचं. दरीवरून उडी मारताना पाय घसरून मेलेला तुला नकोच असेल तर फासा मागू नकोस, "मारलीस उडी" म्हण आणि पुढे चल.

पण लढाईत फासा टाकावाच लागतो, मग काय करायचं? तुझ्या केसमध्ये खोटं बोलायची गरजच नव्हती रे. त्याच नियमांत आहे की जवळून केलेल्या वाराने समोरचा शून्यावर आला तर मारणारा त्याला ठार न करता बेशुद्ध पाडू शकतो, आणि हे डॅमेज बसतं त्या क्षणी ठरवायचं असतं. चौदा मोठ्याने सांगायचे, सगळ्यांचा श्वास अडकू द्यायचा, मग गॉब्लिन तलवार उलटी करून मुठीने तिच्या डोक्यात हाणतो आणि पायाला धरून गुहेत ओढत नेतो, त्यांना मंत्र वाचणारं माणूस जिवंत हवंय. झाली पुढच्या रविवारची गोष्ट! (बाण असता तर हे चाललं नसतं, बाण लांबून लागतो.) गॉब्लिनला काय हवंय हे ठरवणं तुझं कामच आहे, त्याला कोणी फसवणूक म्हणणार नाही. फाशावरचा आकडा मात्र तुझा नाही.

मित्राचं म्हणशील तर त्याला समजावत बसू नकोस, स्क्रीन काढ. निदान लढाईचे फासे सगळ्यांसमोर टाक, लपलेला सापळा वगैरे असेल तेवढंच झाकून. आणि बहिणीला चौदाचं सांगून टाक, तो मित्र सांगायच्या आत.

प्रश्न : आमच्याकडे वीस बाजूंचा फासा मिळत नाही, मोबाईलवर टाकला तर चालेल?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : चालेल, फक्त मोबाईल मधोमध ठेवायचा, मांडीवर नाही. नाहीतर तांब्यात एक ते वीस चिठ्ठ्या टाका, 1979 च्या सुमारास फाशांचा तुटवडा झाला तेव्हा खुद्द डी अँड डीच्या बॉक्समध्येच आकड्यांच्या चिठ्ठ्या यायच्या. काढलेली चिठ्ठी परत तांब्यात टाकायला विसरू नका, नाहीतर एकदा वीस आला की त्या रात्री परत यायचा नाही.