ढग भरून आले की छातीत धडधडतं, माझं डोकं फिरलंय का?

हा प्रश्न हल्ली पावसाळ्याच्या तोंडावर बरेच जण विचारतात, म्हणून एक केस सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत).

निपाणीकडच्या एक ताई. सासर वेदगंगेच्या काठाला. ऑगस्ट 2019 च्या पुरात घरात कमरेएवढं पाणी, यमगर्णीजवळ हायवेसुद्धा बंद. पुढे घर रंगवून झालं, सगळं झालं, पण जून लागला की यांची झोप उडते, मध्यरात्री उठून मोबाईलवर वेदगंगेवरचं पाटगाव धरण किती भरलं ते बघत बसायचं. मालक म्हणतात, पाणी काय आपल्याच घरात आलं होतं? आणि लेक शाळेतनं क्लायमेट चेंज शिकून आलेली, त्यामुळं भर पडली. "माणसांनीच केलंय म्हणतात की ओ मॅडम, मग हे मोठे लोक गप्प का? अमेरिका तर 2025 मध्ये हवामानाच्या त्या पॅरिस करारातनं दुसऱ्यांदा बाहेर पडायला निघाली."

आता यांना "पॉझिटिव्ह विचार करा" म्हणणं म्हणजे थट्टाच. त्या बोलतायत ते खरंय ना. कोळसा, पेट्रोल जाळून हवा तापली, आणि 1 डिग्री तापली की तिच्यात साधारण 7 टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणून पडायला लागला की नुसता कोसळतो. जगातली सरकारं 1995 पासून जवळपास दरवर्षी हवामान परिषदा भरवतायत आणि खनिज इंधनापासून दूर जायचं हे ठरावात यायला 2023 उजाडलं, राग येणारच. फक्त सगळं हवामानावर ढकलणं पुढाऱ्यांच्याही सोयीचं असतं हं, नाल्यात गाळ आणि पात्राकडेला भराव हा काय ढगांनी टाकला?

ताईंच्यात भीती आणि राग यांचा एकच गोळा झालेला, तो आम्ही सोडवत बसलो.

भीतीचं असं, की कपाटात एक प्लास्टिकची पिशवी होती, रेशनकार्ड, उतारा, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, लेकीची मार्कशीट, आणि ती त्या रोज रात्री उपसून परत भरायच्या. ठरवलं की मृग लागला की एकदा भरायची, गाठ मारायची, परत हात लावायचा नाही. धरणाचा आकडा सकाळ-संध्याकाळ बघायचा, रात्री फोन मालकांच्या उशाला. पहिले काही दिवस चिडचिड झाली भरपूर, मग सुटलं हळूहळू.

रागाला मात्र पत्ता लागतो. वॉशिंग्टन काय यांचं ऐकणार नाही, ग्रामपंचायतीला ऐकावं लागतं. बचत गटातल्या बायकांनी मिळून नाल्याच्या गाळाचा अर्ज दिला, कन्नडमध्ये लेकीकडनं लिहून घेतला, पोच घेतली. गाळ अर्धाच निघाला, तर यंदा परत अर्ज.

धो धो पावसात जाग त्यांना अजून येते, तेवढी येऊ दे. पण झोप-जेवण बरेच दिवस बिघडलेलं असेल, जीव नकोसा वाटत असेल तर थांबू नका, मनाच्या त्रासासाठी टेली मानसचा 14416 हा सरकारी हेल्पलाइन नंबर फ्री आहे, मराठीत पण बोलतात, कन्नडमध्ये पण.